लेबल कोणासाठी? : अन्न सुरक्षा कायद्याची भाषा आणि पलूस परिसरातील बेदाणा

अन्नपदार्थाच्या वेष्टनावरील मजकुराकडे कायद्याचे अभ्यासक पुरावा म्हणून पाहतात, तर व्यापारी जाहिरात म्हणून. तो मुळात वाचण्यासाठी लिहिलेला मजकूर आहे आणि त्याला एक अपेक्षित वाचक आहे, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते. सांगली जिल्ह्यातील पलूस-तासगावचा द्राक्षपट्टा या दृष्टीने लक्षणीय आहे. येथे उत्पादक, अडते आणि ग्राहक एकमेकांच्या शेजारी राहतात व एकच भाषा बोलतात. त्यांच्यामध्ये असणारे लेबल तेवढे परक्या भाषेत बोलते.

बेदाणा करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर वाळवतात. रंग उजळ यावा व टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी दिली जाते. यात गुपित असे काही नाही. बाजारात दर ठरतो तो बराचसा या रंगावर, आणि ‘धुरी’ हा शब्द शेतमजुरापासून अडत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. परंतु हाच माल पाकिटात गेला की धुरी नाहीशी होते आणि तिच्या जागी इंग्रजीत ‘परिरक्षक (२२०)’ अशी नोंद येते. २२० हा सल्फर डायऑक्साइडचा आंतरराष्ट्रीय क्रमांक होय. नियमानुसार परिरक्षकाचे नाव किंवा त्याचा क्रमांक यांपैकी काहीही एक दिलेले चालते. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असल्यास त्याची ॲलर्जीकारक घटक म्हणून स्वतंत्र घोषणा करणे २०२० च्या लेबलिंग विनियमांनी आवश्यक केले आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने त्रास होतो, हे या तरतुदीमागील कारण. म्हणजे सूचना महत्त्वाची आहे आणि ती कायद्याने दिलेलीही आहे. पलूसच्या आठवडी बाजारातील दमेकरी ग्राहकापर्यंत ती पोहोचत नाही, एवढेच.

ती का पोहोचत नाही याचे उत्तर विनियमांतच सापडते. अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा. त्याव्यतिरिक्त अन्य भाषा वापरण्यास मनाई नाही, अशी ही तरतूद आहे. २०११ च्या वैधमापन नियमांतही वजन, किंमत आदी घोषणांसाठी याच दोन भाषा सांगितल्या आहेत. मराठीला येथे परवानगी आहे, हक्क नाही. ज्या गोष्टीला केवळ परवानगी असते ती छपाईचा खर्च वाचवताना सर्वप्रथम गळते, हे वेगळे सांगावयास नको.

कायद्याच्या दुसऱ्या एका संकल्पनेतही हीच वृत्ती दिसते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील ‘मिथ्याछाप’ या संज्ञेत खोटा व दिशाभूल करणारा दावा येतो; विनियमांनुसार नसलेले लेबलही येते. बॅच क्रमांक छापावयाचा राहून गेलेला लघुउद्योजक आणि ग्राहकास जाणूनबुजून फसविणारा उत्पादक एकाच नावाखाली उभे राहतात. दोघांनाही कलम ५२ खाली कमाल दंड तीन लाख रुपये. दंड ठरविताना झालेला अवाजवी लाभ, झालेले नुकसान, पुनरावृत्ती व अजाणता घडलेला दोष यांचा विचार व्हावा, असे कलम ४९ सांगते, हे खरे. तरीही नाव तेच राहते, आणि गावात माणसाची पत नावाने जाते, दंडाच्या रकमेने नव्हे.

न्यायालयीन व्यवहाराचा कल कोणीकडे आहे, हे मुंबई उच्च न्यायालयातील नेस्ले इंडिया प्रकरणातून स्पष्ट होते. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली; पाठोपाठ महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही आदेश काढला. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने हे आदेश रद्द ठरविले. कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नव्हती आणि तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांची मान्यता सदोष होती, ही त्याची प्रमुख कारणे. दोन्ही कारणे योग्यच आहेत. शिशाचे प्रमाण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच ठरले पाहिजे. परंतु त्याच वादात एक निखळ लेबलाचा प्रश्नही होता: ‘वेगळे एमएसजी घातलेले नाही’ हे वाक्य वाचून ग्राहकाने काय समजावे? वाक्य शब्दशः खरे असू शकते, आणि तरीही पदार्थात ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असू शकते. कंपनीने ते वाक्य काढून टाकण्याची तयारी दाखविली आणि हा मुद्दा तेथेच मिटला. संपूर्ण खटल्यात वाचकाशी थेट संबंध असलेला हा एकच प्रश्न होता, आणि नेमका तोच तडजोडीत निघाला. प्रयोगशाळेविषयी न्यायतत्त्व घडले, वाक्याविषयी घडले नाही.

देशभर विकल्या जाणाऱ्या मालावर प्रत्येक प्रादेशिक भाषा कशी मावणार, हा उद्योगांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण तो देशभर जाणाऱ्या मालापुरताच खरा आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या अन्नमाहिती नियमाने भाषांची यादी न देता वेगळा निकष लावला: माल जेथे विकला जातो तेथील ग्राहकास सहज समजेल अशी भाषा. तेथे निकष प्रशासनाच्या सोयीचा नसून वाचकाच्या आकलनाचा आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे त्याचे नाव आणि त्याची भूमी यांचे नाते कायद्याने मान्य केले. त्या भूमीची भाषा पाकिटावर येणे मात्र अजून ऐच्छिक आहे. जिल्ह्यातच तयार होऊन जिल्ह्यातच विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘गंधकाची धुरी दिलेली आहे, दम्याच्या रुग्णांनी काळजी घ्यावी’ असे मराठी वाक्य छापण्यास विनियमांत दुरुस्ती करावी लागत नाही. अन्य भाषेची मुभा तेथे आधीच आहे.