सहा एकर आणि एक मोट

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपलं नाही, असं म्हणून आपण बाजूने निघून जातो. माझं म्हणणं, आत जा. डोळे उघडे ठेवून जा.

दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे गृहस्थ. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. तलवारी-ढालींवर ते थांबले नाहीत. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, चुलीजवळची भांडी गोळा केली. कोथरूडच्या मस्तानीमहालाचे अवशेष आणून उभे केले. ज्या बाईला पुण्याच्या सोवळ्याने घरात घेतलं नाही, तिला इथे दालन मिळालं. काम मोठंच. ते मान्य करूनच पुढचं बोलतो.

अडकित्ता दिसतो, घडवणारा दिसत नाही. संग्रहालयांची जुनी रीतच ती. चिठ्ठीवर प्रांत, शतक, धातू. पितळेला जात नसते. पितळ ठोकणाऱ्या हाताला मात्र या देशाने जात चिकटवली. कसब्यातल्या तांबट आळीत मठारकामाचा ठोका ऐका, म्हणजे भांड्यामागचा माणूस कळेल.

आता विस्ताराचं. वस्तू २०,००० वर, मांडलेल्या सुमारे २,५००. बाकीच्या कोठीत. म्हणून बावधनला सहा एकरांवर संग्रहालय-नगरीची योजना. जागा हवीच. पण मी गिरणीतला माणूस. शेड नवी बांधली आणि मागावर जुनंच सूत चढवलं, तर कापड तेच निघणार.

एक मोट घ्या. ढोराने कातडं कमावलं, चांभाराने शिवलं, मांगाने नाडा वळला. त्या मोटेच्या पाण्यावर गावाचा मळा पिकला. विहिरीला मात्र आमचा विटाळ! १८६८ साली जोतीरावांनी याच पुण्यात घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एवढं सगळं त्या मोटेच्या चिठ्ठीवर आलं पाहिजे. नाहीतर ती नुसती कातड्याची पिशवी.

तेव्हा बावधनच्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. केली कुणी? वापरली कुणी? शिवायची बंदी कुणाला होती? उत्तरं लिहायला आपली शिकलेली पोरं-पोरी बसली पाहिजेत. कोपऱ्यात ‘दलितांचं दालन’ काढून आपली बोळवण करू नका. आम्हाला चिठ्ठी लिहायचा पेन पाहिजे.