अर्ध्या पायरीवरून चुंबकत्व?

सोन्याची तार ओढत ओढत शेवटी एका अणूइतकी बारीक केली, तर तिची वाहकता सलग घटत नाही. ती पायऱ्या उतरते. तुटण्यापूर्वीच्या शेवटच्या पायरीवर रोध साधारण १२.९ किलोओहम असतो. (१९९५ साली माद्रिदच्या संशोधकांनी दोन साध्या तारा एकमेकींना टेकवून, टेबलावर टिचक्या मारून अशा पायऱ्या दाखवल्या होत्या. ऑसिलोस्कोप असलेल्या महाविद्यालयाने जरूर करून पाहावे.) इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग दुप्पट करून प्लांकच्या स्थिरांकाने भागला की या पायरीची उंची मिळते. ही दुप्पट येते, कारण एकाच वाटेने दोन्ही फिरकींचे इलेक्ट्रॉन जातात.

मग एकाच फिरकीला वाट मिळाली तर? पायरी निम्मी व्हावी, रोध २५.८ किलोओहम. २००३ साली ब्राझीलमधील रॉड्रिग्ज, उगार्ते व सहकाऱ्यांनी कोबाल्ट, पॅलॅडियम आणि प्लॅटिनमच्या अणुसाखळ्यांत नेमकी अशी अर्धी पायरी मिळाल्याचे प्रसिद्ध केले. तेही खोलीच्या तापमानाला, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र न लावता! प्लॅटिनमचा तुकडा एरवी लोहचुंबकीय नसतो. तेव्हा तार बारीक झाल्यानेच त्यात चुंबकत्व जागे होत असावे, असे त्यांनी सुचवले.

कल्पना देखणी आहे. पण तिच्यामागचा तर्क आम्हाला त्या अणुसाखळीहूनही नाजूक वाटतो. पाऊस पडला की अंगण भिजते; म्हणून भिजलेले अंगण पाहून पाऊसच पडला असे म्हणता येईल का? कुणी बादली उपडी केली असेल. सोन्याच्या एका अणूतून एकच वाट असते आणि ती जवळजवळ पूर्ण खुली असते. प्लॅटिनममध्ये डी कक्षांतले इलेक्ट्रॉनही वहनात भाग घेतात. वाटा अनेक, त्याही अर्धवट उघड्या. केवळ एकूण वाहकता मोजून वाटा किती आणि कोणत्या फिरकीच्या, हे कसे कळणार?

बादली लगेच सापडली. २००४ साली लायडनमधील व्हान राउटेनबेक यांच्या गटाने अतिशीत निर्वातात शुद्ध लोह, कोबाल्ट, निकेल व प्लॅटिनम तपासले. तीव्र चुंबकीय क्षेत्र लावूनही अर्धी पायरी दिसली नाही. वायूचे रेणू आत सोडल्यावर मात्र तशा खुणा उमटल्या! त्यांचा दुसरा पुरावा आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. प्लॅटिनमच्या दोन टोकांमध्ये हायड्रोजनचा रेणू बसला की एकच, जवळपास पूर्ण खुली वाट मिळते. प्रवाह संपूर्णपणे एका फिरकीचा असता तर पायरी इथे तरी निम्मी व्हायला हवी होती. ती झाली नाही.

प्लॅटिनमच्या चुंबकत्वाचा प्रश्न यामुळे मिटला, असे मात्र नाही. २०१५ साली जर्मनीतील कॉन्स्टान्झच्या संशोधकांनी प्लॅटिनमच्या अणुसाखळ्यांत चुंबकीय क्रमाच्या खुणा नोंदवल्या. त्यांनी चुंबकीय क्षेत्र बदलत नेले आणि रोध कसा बदलतो ते मोजले. पायरीच्या उंचीवर भिस्त ठेवली नाही.