पाळतीचे साहित्य आणि पाळतीखालचा माणूस

जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून युरोपात सरकारी पाळतीचा विषय निघाला की तिचाच दाखला दिला जातो. फोनवरचे निरोप तपासण्याचा कायदा येवो की रस्त्यात चेहरे ओळखणारे कॅमेरे बसोत, निषेधाच्या फलकावर 'बिग ब्रदर' हजर असतोच. या कादंबरीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र एक प्रश्न तिला विचारलाच पाहिजे. तिने आणि तिच्या पठडीतल्या कलाकृतींनी पाळतीखालचा माणूस म्हणून नेमका कोण उभा केला? आणि युरोपात प्रत्यक्षात पाळतीखाली कोण जगला? या दोन प्रश्नांची उत्तरे जुळत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. ही विसंगती साहित्यापुरती असती तर ती समीक्षकांच्या वादावर सोडून देता आली असती. पण आज युरोपात डिजिटल हक्कांसाठी जो लढा चालला आहे त्याच्या मांडणीतही ती उतरली आहे.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयातला कारकून, सत्ताधारी पक्षाचा खालच्या पातळीवरचा सदस्य. त्याच्या घरात भिंतीवरचा टेलिस्क्रीन त्याला पाहतो आणि ऐकतो. रोजनिशी लिहायला एक कोपरा मिळावा, ही त्याची तगमग. आणि श्रमिक? कादंबरीत त्यांना 'प्रोल' म्हटले आहे. ते लोकसंख्येच्या पंच्याऐंशी टक्के आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनच नाही. विचार-पोलिसांचे काही हस्तक त्यांच्यात वावरतात, पुढेमागे डोईजड होईल अशा एखाद्याला नाहीसा करतात, एवढेच. बाकीच्यांनी कसे जगावे याची पक्षाला फिकीर नाही. म्हणजे पाळत हे शिकल्यासवरल्या पांढरपेशाचे दुःख आणि दारिद्र्य ही एक प्रकारची मोकळीक, अशी या कादंबरीची रचना आहे. ही रचना कोणाच्या अनुभवातून आली?

ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतीहारीचा. १९२२ ते १९२७ तो ब्रह्मदेशात इंडियन इम्पीरियल पोलीस या दलात अधिकारी होता. त्या नोकरीची त्याला पुढे किळस आली आणि साम्राज्यशाहीविरुद्ध त्याने निर्भीडपणे लिहिले, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. तरीही ज्या साम्राज्याचा तो पोलीस होता, त्याच साम्राज्याने १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला होता. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मावरून नोंदवल्या गेल्या. बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, असे सारे जगणेच सरकारी वहीत बांधले गेले. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण त्याची सावली गेली नाही. १९८७ साली आलेले लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्याने वाचले आहे, त्याला जन्मावरून चोर ठरणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. अशा पाळतीला भिंतीवरचा पडदा लागत नाही, चौकीतली वही पुरते.

ही गोष्ट वसाहतीत घडली, खुद्द युरोपात नाही, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. फ्रान्सने १६ जुलै १९१२ रोजी भटक्यांसाठी कायदा केला. ज्यांना सरकारने 'नोमाद' ठरवले, त्यांना शरीराची मापे, बोटांचे ठसे आणि छायाचित्र असलेली वही जवळ बाळगावी लागे. गावात येताना आणि गाव सोडताना त्या वहीवर शिक्का घ्यावा लागे. ऑर्वेल कादंबरी लिहीत होता तेव्हा समुद्राच्या पलीकडे हा कायदा जिवंत होता. तो १९६९ साली गेला, पण त्याच्या जागी फिरतीची दुसरी वही आली. तिचा शेवटचा अवशेष २०१७ साली काढून टाकण्यात आला. युरोपातल्या गरीब भटक्याला मोकळीक होती, असे म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही.

याच पठडीतला अलीकडचा नमुना म्हणजे 'द लाइव्हज ऑफ अदर्स' हा २००६ सालचा जर्मन चित्रपट. त्याला ऑस्कर मिळाले. १९८४ सालचे पूर्व बर्लिन. तिथे एका नाटककाराच्या घरात श्टाझीचा अधिकारी चोरून ऐकण्याची यंत्रे बसवतो. ऐकता ऐकता त्याचे मन पालटते आणि तो नाटककाराला वाचवतो. चित्रपट प्रभावी आहे. पण त्यातही पाळतीखालचा माणूस प्रतिष्ठित कलावंत, आणि पाळत ठेवणाऱ्याला हृदय. पियानोचे सूर ऐकून ते हृदय हेलावते! कलेच्या सामर्थ्यावरची ही श्रद्धा अभिजनांना सुखावणारी आहे. आजची पाळत मात्र अशी कान लावून बसत नाही. ती संगणकात नोंदी जुळवते आणि माणसांचे गट पाडते. तिच्यापुढे पियानो वाजवून उपयोग नाही.

नेदरलँड्समध्ये काय झाले ते पाहा. मुलांच्या संगोपनासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. या भत्त्याच्या अर्जांतून संशयित निवडण्यासाठी कर खात्याने संगणकीय पद्धत वापरली. त्या पद्धतीत अर्जदाराचे नागरिकत्व डच आहे की नाही, हा धोक्याचा एक निकष होता. क्षुल्लक चुकांवरून हजारो कुटुंबांना लबाड ठरवण्यात आले, वर्षानुवर्षांचा भत्ता परत मागण्यात आला. घरे गेली, संसार मोडले. त्यांत परदेशी मुळाच्या कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून सरकारला राजीनामा द्यावा लागला. आता या आयांच्या घरात कोणी चोरून ऐकण्याचे यंत्र बसवले होते काय? नाही. दाराला कडी होती, खिडकीला पडदा होता. विन्स्टन स्मिथला हवा असलेला कोपरा त्यांच्याजवळ होता, आणि तरी त्या उद्ध्वस्त झाल्या. स्वीडनमध्ये २०१३ साली उघड झाले की स्कोने भागातल्या पोलिसांनी रोमा लोकांची चार हजारांहून अधिक नावांची नोंदवही ठेवली होती. तिच्यात लहान मुलांचीही नावे होती. त्या मुलांनी कोणता गुन्हा केला होता?

युरोपातल्या कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ डिसेंबर १९८३ रोजी पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात निकाल दिला की, आपल्याविषयीची माहिती कोणी कशी वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मुळात त्या माणसाचा आहे. सर्व नागरिकांच्या दूरध्वनी आणि इंटरनेट व्यवहारांच्या नोंदी साठवायला लावणारा युरोपीय संघाचा २००६ सालचा निर्देश संघाच्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी रद्द केला. मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने आणखी एक प्रस्ताव मांडला. मुलांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य शोधण्यासाठी लोकांचे खासगी निरोप यंत्राकरवी तपासायचे, एन्क्रिप्शनच्या कुलुपात असलेले निरोपही त्यातून सुटणार नाहीत, असा तो प्रस्ताव. मुलांचे शोषण हा भयंकर गुन्हा आहे, त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण कोणावरही विशिष्ट संशय नसताना सगळ्यांची पत्रे उघडायची, यात प्रत्येक माणूस तपासणी होईपर्यंत संशयितच ठरतो. याला मोठा विरोध झाला, आणि युरोपीय संसदेने २०२३ मध्ये असे कुलूपबंद निरोप वगळण्याची भूमिका घेतली. हा विरोध योग्यच होता.

परंतु त्याच युरोपाने २०२४ साली आणखी काय केले तेही मांडले पाहिजे. आश्रय मागणाऱ्यांचे ठसे साठवणाऱ्या युरोडॅक या यंत्रणेत पूर्वी चौदा वर्षांवरील व्यक्तींचे ठसे घेतले जात. नव्या नियमाने ते वय सहावर आणले आणि चेहऱ्याचीही नोंद ठरवली. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या २०२४ च्याच कायद्याने माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या यंत्रांना कामाच्या ठिकाणी आणि शाळेत सामान्यतः बंदी केली. सीमेवर उभ्या असलेल्या निर्वासिताला ही बंदी लागू नाही. नागरिकाचा चेहरा त्याचा स्वतःचा, आणि निर्वासिताचा चेहरा सरकारचा, असाच याचा अर्थ निघतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, पाळतीविरुद्धची मांडणी खोलीपासून सुरू न करता यादीपासून सुरू केली पाहिजे. सगळ्यांची पत्रे उघडू पाहणारा प्रस्ताव नव्या तर्कावर उभा नाही. आधी ठरवून संशयित मानायचे आणि मग पुरावा शोधायचा, हा तर्क भटक्यांवर, रोमांवर, आश्रितांवर फार पूर्वी वापरून झाला आहे. तेव्हा तो प्रशासनाचा किरकोळ विषय होता. पांढरपेशाच्या दारात आला तेव्हा तो मूलभूत हक्कांचा प्रश्न झाला. यादीतल्या माणसाच्या बाजूने आधीच उभे राहिले असते, तर हा तर्क इथवर पोचला नसता.

असे उभे राहणारे युरोपात झाले आहेत. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदवहीत प्रत्येकाचा धर्म नोंदलेला असे, आणि नाझींना ती नोंद आयती मिळाली. त्या देशातल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी अ‍ॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला एका गटाने आग लावली. त्या गटात चित्रकार आणि लेखक विलेम आरोन्डेउस होता. तो आणि त्याचे अकरा साथीदार पुढे गोळ्या घालून मारले गेले. त्याच देशात 'सिरी' नावाची सरकारी संगणकीय यंत्रणा गरीब वस्त्यांतल्या रहिवाशांच्या नोंदी जुळवून लबाडीचा अंदाज बांधत होती. तिच्याविरुद्ध नागरी संघटनांबरोबर एफएनव्ही ही कामगार संघटना आणि टॉमी वीरिंगा व माक्सिम फेब्रुआरी हे दोन लेखक न्यायालयात गेले. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या न्यायालयाने त्या यंत्रणेचा कायदा मानवी हक्कांशी विसंगत ठरवला.

लेखकाची बांधिलकी म्हणतात ती हीच. आपल्या लिहिण्याच्या मेजावर कोणाची नजर आहे, एवढेच पाहून त्याला थांबता येणार नाही. ठसा द्यायला रांगेत उभे केलेले सहा वर्षांचे मूल पाळतीच्या साहित्याचा नायक कधी होणार, हा प्रश्न युरोपीय साहित्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. हजेरीच्या वहीतून ज्यांचे साहित्य बाहेर आले, त्यांनी तो विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?