त्यांना जिंकू का देत नाहीत?

गुर्मीतला बास्केटबॉल कोच दारू पिऊन गाडी ठोकतो. शिक्षा म्हणून न्यायालय त्याला बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा संघ तयार करायला पाठवतं. कोच सुधारतो, संघ अंतिम सामन्यात पोहोचतो, हरतो आणि तरीही नाचतो. हावियर फेसेरच्या स्पॅनिश 'काम्पेओनेस'ची (2018) ही गोष्ट 2023 मध्ये हॉलिवूडने 'चॅम्पियन्स' म्हणून केली आणि 2025 मध्ये आमिर खानने 'सितारे जमीन पर' म्हणून.

तिन्हींचं एक श्रेय निर्विवाद आहे. खेळाडूंच्या भूमिका खरोखर बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकारांनीच केल्या आहेत, आणि विनोदाचं लक्ष्य ते नाहीत, कोच आहे. आपण हसतो ते त्याच्या अज्ञानाला. आपल्या सिनेमाने वर्षानुवर्षं तोतरेपणावर आणि लंगडण्यावर हशे वसूल केले, हे आठवलं की हा बदल लहान वाटत नाही.

खटकतो तो शेवट. हरूनही आनंदाने नाचणारा संघ बघताना आपला गळा दाटून येतो. पण 'काम्पेओनेस' ज्या संघावरून सुचला, त्या वॅलेन्सियाजवळच्या बुर्जासोतच्या संघाने 1999 ते 2014 या काळात स्पेनची 12 राष्ट्रीय विजेतेपदं पटकावली होती. खरा संघ जिंकत होता, सिनेमातला हरला. का? कारण इथे सामना हे निमित्त आहे, सुधारायचंय कोचला. जिंकण्याची ईर्षा काढून घेतली की खेळाडू निरागस होतात आणि आपल्याला आयुष्य शिकवायला मोकळे होतात. ही कौतुकाच्या वेष्टनातली दयाच झाली.

याउलट 'द रिंगर' (2005) बघा. पैशांसाठी एक धडधाकट माणूस अक्षमतेचं सोंग घेऊन स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये घुसतो. ऐकूनच कपाळाला आठ्या पडाव्यात, आणि काही विनोद खरंच आचरट आहेत. पण खेळाडू त्याचं सोंग ओळखतात आणि तरी त्याला ठेवून घेतात, कारण त्यांना एका उद्धट विजेत्याची जिरवायची असते. ते टोमणे मारतात, हिशेब करतात, चुरशीला पेटतात. म्हणजेच खेळाडूंसारखे वागतात.

हे सोंग निव्वळ कल्पना नव्हतं. 2000 च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनने याच गटात बास्केटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. पुढे उघड झालं की 12 पैकी 10 खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच. पदक गेलं, आणि त्यासोबत बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचे सगळेच प्रकार पॅरालिम्पिकमधून बाहेर गेले. ते परतले थेट 2012 च्या लंडनमध्ये, तेही मोजक्या खेळांत. फसवणूक दुसऱ्यांनी केली, बारा वर्षं यांची गेली.

ज्यांच्याकडून खेळायची संधीच हिरावली गेली, त्यांना 'हार-जीत महत्त्वाची नसते' हे सांगणं फार सोपं आहे. पुढच्या सिनेमात त्यांना जिंकू द्या. किंवा हरवा, पण हरल्यावर मनसोक्त चिडू तरी द्या.