थाळनेरच्या किल्लेदाराचा वध : साधनांची चिकित्सा

तापीच्या उत्तर तीरावरील थाळनेरचा किल्ला फारुकी राजवटीचें आद्य ठाणें म्हणून इतिहासज्ञांस परिचित आहे. फिरोजशहा तुघलकानें इ. स. १३७० मध्यें हा प्रांत मलिक राजास दिला. फारुकी पुरुषांच्या कबरी अद्यापि गांवीं उभ्या आहेत. परंतु याच किल्ल्यावर ता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं जें घडलें, त्याविषयींच्या लेखांची छाननी येथें कर्तव्य आहे.

मंदसोरच्या तहानें (ता. ६ जानेवारी १८१८) होळकरांनीं खानदेशांतील आपले किल्ले इंग्रजांस दिले. सर टॉमस हिस्लॉप थाळनेरास येतांच किल्ल्यांतून तोफा सुटल्या. किल्ल्याची एक बाजू नदींतून वर उठलेली, उरलेल्या तिहींस खोलगट भूमि, तट सुमारें साठ फूट उंच, आणि पूर्वेकडील एकाच वाटेवर एकामागें एक पांच दरवाजे. इंग्रजी मारा झाल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. पुढें शेवटच्या दरवाज्याशीं आंतील अरबांशीं बोलणें होऊन दिंडी उघडली. कांहीं अंमलदार आंत शिरतांच अरबांनीं त्यांजवर हत्यार चालविलें. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. मग सुमारें तीनशें लोकांची शिबंदी कापली गेली, आणि किल्लेदारास फांशीं देण्यांत आलें.

ही हकीकत आपणांस ब्लॅकर (१८२१), लेक (१८२५), ग्रँट डफ (१८२६) व खानदेश गॅझेटियर (१८८०) यांत मिळते. परंतु ह्या चार साक्षी म्हणून मोजणें युक्त नव्हे. ब्लॅकर मद्रास फौजेचाच अधिकारी, आणि गॅझेटियर तर पूर्वसूरींवर विसंबलेलें. साक्षीदार अनेक, पण पक्ष एकच.

या लेखांत दोन आरोप मिसळले आहेत : बंडखोरी आणि विश्वासघात. दोहोंचा हेतु निराळा आहे. विश्वासघाताचा आरोप किल्लेदारावर लागूं होत नाहीं. कारण झटापट झाली तेव्हां तो शत्रूच्या स्वाधीन होता, हें त्या लेखांवरूनच सिद्ध होतें. शरण आलेल्यास मारूं नये, हा मनूच्या सातव्या अध्यायांतील राजधर्म असो वा युरोपांतील युद्धनीति असो, येथें निर्णय एकच येतो.

राहिली बंडखोरी. किल्ला खाली करण्यास धन्याचा हुकूम लागतो. परपक्षीय सेनापतीचा निरोप त्याची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून होळकर दरबाराचें पत्र किल्लेदारास केव्हां व कोणत्या शब्दांत पोंचलें, हाच या आरोपाचा खरा निकष होय. खुद्द पार्लमेंटासही शंका आली. मार्च १८१९ मध्यें सैन्याचे आभार मानतांना, थाळनेरच्या फांशीस संमति दिली असें त्यांतून समजूं नये, अशी पुस्ती जोडावी लागली.

दहशतीनें इतर किल्ले सत्वर हातीं आले, असें समर्थन करणारांनीं मालेगांव आठवावें. तेथील अरब त्याच वर्षीं मे-जूनमध्यें सुमारें महिनाभर निकरानें लढले, आणि लेखी अभय घेतल्यावांचून त्यांनीं किल्ला सोडला नाहीं. थाळनेरास तोंडी बोलण्यावर माणसें मेलीं. मालेगांवीं एका कागदानें तीं वांचलीं.

कागदाचें मोल यांत आहे. वि. का. राजवाडे यांच्या मागें धुळ्यास १९२७ त स्थापन झालेल्या संशोधन मंडळानें दप्तरें जमविण्याचा जो मार्ग दाखविला, तोच येथें उपयोगी पडेल. शिरपूर, चोपडें, अमळनेर, पारोळें या बाजूंच्या संग्राहकांनीं शके १७३९ च्या अखेरचे कागद पाहावे : शिबंदीच्या पगाराचे हिशेब, सावकारांच्या रोजकीर्दी, कुळकर्ण्यांचीं दप्तरें, वतनाबद्दलचे अर्ज. त्यांत थाळनेरचें एखादें वाक्य असलें तरी तें जसेंच्या तसें, शिक्कामोर्तबासह उतरून प्रसिद्ध करावें. अर्थ लावण्याची घाई नको.

तोंवर आपल्या लेखांत या किल्लेदारास ‘बंडखोर’ किंवा ‘विश्वासघातकी’ हीं विशेषणें लावूं नयेत. तसेंच प्रमाणावांचून त्यास ‘हुतात्मा’ ही पदवीही देऊं नये. ज्याची बाजू अजून कोणीं ऐकली नाहीं, त्याचा निवाडा राखून ठेवणें हाच न्याय होय.