‘मेघ’ आणि ‘दप्तर’ : संस्थेच्या संचिकासंग्रहाविषयी एक शब्दविचार

संगणकावरील संचिका दूरस्थ यंत्रांवर ठेवण्याच्या सोयीस इंग्रजीत ‘क्लाउड’ ही संज्ञा असून मराठीतही ती त्याच रूपाने रूढ झाली आहे. भारत सरकारने आपल्या तशा योजनेस ‘मेघराज’ असे संस्कृत नाव दिले. ही प्रतिमा मूळची अभियंत्यांच्या आराखड्यांतील आहे. दळणवळणाच्या जाळ्याचा जो भाग तपशिलाने दाखविण्याचे प्रयोजन नसे, त्याच्या जागी ढग काढीत. म्हणजे ढग हे वस्तूचे चित्र नव्हे. न दाखविलेल्या वस्तूची ती खूण होय. संस्थेने आपली कागदपत्रे कोठे ठेवावीत हा निर्णय ह्या प्रतिमेच्या आहारी जाऊन घेतला, तर जे आधी विचारावयास हवे तेच नेमके विचारले जात नाही.

मराठीत ह्या कामी जुना शब्द ‘दप्तर’ हा आहे. तो अरबी-फारसीतून आला आणि त्याचे मूळ ‘कातडे’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत पोचते. कागदपत्रे, ती ठेवण्याची जागा आणि विद्यार्थ्याची पिशवी असे तिन्ही अर्थ मराठीने त्यास दिले. ह्या तिन्ही अर्थांत दप्तर कोणाचे तरी असते, कोठे तरी असते आणि कोणाला तरी ते उघडून दाखवावे लागते. संग्रहाच्या निवडीची कसोटी ह्या तीन गोष्टींतच सापडते.

पहिला प्रश्न स्वामित्वाचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत येथील दादा पाटील महाविद्यालयाचे उदाहरण केवळ रचनेसाठी घ्यावे. महाविद्यालय कर्जतला, ते चालविणाऱ्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास, आणि संलग्नता पुण्याच्या विद्यापीठाशी. अशा रचनेच्या कोणत्याही महाविद्यालयात प्रवेशअर्ज, गुणपत्रके वा मूल्यांकनाची कागदपत्रे कोणाच्या खात्यावर ठेवावयाची, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरल्यास जो कर्मचारी संगणकात निष्णात, त्याच्या खाजगी खात्यात दप्तर जाऊन पडते. हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाही. गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या घरी असे, आणि उताऱ्यासाठी गावाला त्याच्या दारी जावे लागे. मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने नष्ट झाली, तेव्हा दप्तर व्यक्तीकडून पदाकडे आले. बदली वा निवृत्तीबरोबर ज्याचा परवलीचा शब्द निघून जातो, असे संगणकीय दप्तर म्हणजे त्या वतनाचे पुनरुज्जीवनच होय.

दुसरा प्रश्न स्थळाचा. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी विदाकेंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी नोकरांनी कामाच्या संचिका ज्या संग्रहात ठेवाव्यात अशी व्यवस्था होती, तो ८५८ टेराबाइटचा संग्रह त्या आगीत नष्ट झाला. त्याची बाहेर दुसरी प्रत नव्हती. ढगाला आग लागत नाही, यंत्रांनी भरलेल्या इमारतीला मात्र लागते. ही इमारत परक्या कंपनीची नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. ‘स्वतःचे म्हणजे सुरक्षित’ हा युक्तिवाद त्यामुळे अपुरा ठरतो. नेक्स्टक्लाउडसारखी मुक्त आज्ञावली वापरून स्वतःच्या आवारात संग्रह उभारता येतो. परंतु तो राखणारा जाणता माणूस कायमचा नेमावयाचा नसेल, तर ते स्वामित्व नाममात्रच राहते.

तिसरा प्रश्न प्रतीचा, आणि येथे शब्दांची गल्लत सर्वांत महाग पडते. महसुली व्यवहारात ‘नक्कल’ वा ‘उतारा’ म्हणजे मूळ कागदापासून वेगळी झालेली प्रत; तिच्यावर खाडाखोड केली म्हणून मूळ बदलत नाही. ‘समक्रमण’ ह्याच्या उलट आहे. एका संगणकावर संचिका पुसली की ती सर्वत्र पुसली जाते. काही सेवा ती ठराविक मुदतीपर्यंत परत देतात, पुढे नाही. समक्रमण ही सोय आहे, जतन नव्हे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, पैकी एक अन्य ठिकाणी, हा संगणकशास्त्रातील रूढ नियम ‘नक्कल’ ह्या शब्दाचा अर्थ जाणणाऱ्यास सहज पटण्यासारखा आहे.

संस्थांपुढे येणारे तक्ते मात्र बहुधा दर आणि क्षमता एवढ्यावरच थांबतात. हे दोन्ही आकडे अस्थिर असतात. शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देणाऱ्या गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये धोरण बदलल्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२२ पासून जुन्या ग्राहकसंस्थांनाही एकूण १०० टेराबाइटची मर्यादा लागू झाली. यात वचनभंग शोधण्यापेक्षा, सेवा सोडताना संचिका कोणत्या स्वरूपात आणि किती मुदतीत परत मिळतील, हे करारात आधी पाहणे शहाणपणाचे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही असाच आहे: विदा हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले, तरी उत्तरदायित्व सोपविणाऱ्याकडेच राहते.

एक गोष्ट मात्र कोणतीही सेवा विकत देऊ शकत नाही. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. रुमालाची ओळख हरवली की कागद असून नसल्यासारखाच. ‘कर्जत अहवाल अंतिम’ असे नाव दिलेली संचिका अहिल्यानगरच्या कर्जतची की रायगडच्या, आणि कोणत्या वर्षाची, हे दहा वर्षांनी कोण सांगणार? म्हणून सेवेची निवड ही शेवटची पायरी होय. खाते पदाच्या नावे असावे, स्वतंत्र नक्कल कार्यालयात असावी, नामकरणाचा नियम लिखित असावा, आणि वर्षातून एकदा जुनी संचिका परत काढून पाहावी. एवढे ठरविलेल्या संस्थेस साधारण सेवाही पुरते. न ठरविलेल्या संस्थेस उत्तम सेवाही तारीत नाही.