‘थांबा’ म्हटल्याने मुलं थांबतात का?

शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नाही, हा वाद आपल्याकडे निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी अमेरिकेचं नाव काढतं. एक जण म्हणतो, ‘तिकडे सगळं शिकवून काय झालं बघा.’ दुसरा म्हणतो, ‘तिकडे सिद्धच झालंय की संयमाचे धडे फुकट जातात.’ मूळ अभ्यास मात्र दोघांनीही क्वचितच वाचलेले असतात. म्हणून आज त्यातले चार उघडून बघू. काय मोजलं, कुणाची तुलना कुणाशी केली आणि त्यावरून नक्की किती म्हणता येतं, एवढंच तपासायचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९६च्या कल्याणकारी योजनांच्या सुधारणा कायद्यात अमेरिकी सरकारने ‘फक्त संयम’ शिकवणाऱ्या कार्यक्रमांसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलर ठेवले. अशा कार्यक्रमाची आठ कलमांची व्याख्याही कायद्यातच दिली. लग्नाबाहेरच्या संबंधांचे मनावर आणि शरीरावर वाईट परिणाम होण्याची शक्यता असते, हे शिकवणं त्यातलं एक कलम. या पैशांतून गर्भनिरोधकांची बाजू मांडायला परवानगी नव्हती. याच्या विरुद्ध बाजूला ‘सर्वसमावेशक’ शिक्षण, म्हणजे थांबण्याचा सल्लाही द्यायचा आणि कंडोम, गर्भनिरोधकं, संमती यांची माहितीही द्यायची.

आता पहिला अभ्यास. अमेरिकेत अनेक किशोरवयीन मुलं लग्नापर्यंत थांबण्याची शपथ घेतात. शपथ घेणारी मुलं उशिरा संबंध ठेवतात, असं सुरुवातीच्या संशोधनात दिसलं होतं. पण हे शपथेमुळे का? आपल्याकडे महागडा क्लास लावलेल्या मुलांना जास्त मार्क पडतात. त्यातलं श्रेय क्लासचं किती आणि घरातल्या वातावरणाचं किती, हे कसं ठरवणार? शपथेचंही तसंच आहे. ती घेणारी मुलं बहुतेकदा धार्मिक घरातली, आधीच सावध असलेली असतात.

जॅनेट रोझेनबॉम यांनी २००९ साली यावर एक उपाय केला. शपथ घेतलेल्या २८९ तरुणांची तुलना त्यांनी शपथ न घेतलेल्या, पण ११२ बाबतींत त्यांच्यासारख्याच असलेल्या ६४५ जणांशी केली. शपथेच्या आधीच्या धार्मिकतेपासून लैंगिकतेबद्दलच्या मतांपर्यंत सगळं त्यात आलं. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या लग्नाआधीच्या संबंधांत फरक उरला नव्हता. शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के तर ‘आम्ही शपथ घेतलीच नव्हती’ म्हणाले! फरक पडला तो दुसरीकडे. शपथवाल्या गटात कंडोम आणि गर्भनिरोधकांचा वापर कमी होता.

दुसरा अभ्यास जास्त भक्कम आहे, कारण त्यात कुणाला कार्यक्रम मिळणार हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. मॅथमॅटिका या संस्थेने सरकारी पैशांवर चालणारे चार ‘फक्त संयम’ कार्यक्रम निवडले आणि दोन हजारांहून जास्त मुलांचा चार ते सहा वर्षं पाठपुरावा केला. एप्रिल २००७मध्ये अहवाल आला. कार्यक्रम मिळालेल्यांपैकी ४९ टक्के मुलांनी तोवर संबंध ठेवले नव्हते, आणि न मिळालेल्यांपैकीही ४९ टक्केच. ज्यांनी ठेवले, त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय दोन्हीकडे १४.९ वर्षं.

इथे संयमविरोधी मंडळी टाळ्या वाजवतात आणि पुढची पानं वाचत नाहीत. असुरक्षित संबंधांच्या प्रमाणातही दोन गटांत फरक नव्हता. म्हणजे ‘या कार्यक्रमांनी मुलांना धोक्यात ढकललं’ हा दावाही या अहवालातून निघत नाही. शिवाय मुलांना हे धडे फार लहान वयात मिळाले होते, हा आक्षेपही रास्त आहे. एक गोष्ट मात्र खटकते. कंडोमने लैंगिक आजारांपासून कधीच संरक्षण होत नाही, असं मानणारी मुलं कार्यक्रम घेतलेल्या गटात जास्त होती. वागणूक बदलली नाही, डोक्यात मात्र चुकीची समजूत बसली.

तिसरा अभ्यास सर्वसमावेशक बाजूचा लाडका. २००८ साली कोहलर आणि सहकाऱ्यांनी एका राष्ट्रीय सर्वेक्षणातून दाखवलं, की सर्वसमावेशक शिक्षण मिळालेल्यांमध्ये किशोरवयातल्या गर्भधारणेची शक्यता ‘फक्त संयम’वाल्यांच्या निम्मी होती. आकडा दणदणीत आहे. पण क्लासचं उदाहरण आठवा. कोणत्या शाळेत काय शिकवलं जातं, हे तिथल्या वस्तीवर, पैशांवर, राजकारणावर ठरतं. संशोधकांनी उत्पन्न, वंश, राहण्याची जागा वगैरे हिशोबात धरलं आहे, तरी हे सर्वेक्षणच, प्रयोग नाही. शपथेच्या अभ्यासांना आपण जी चाळणी लावली, ती इथेही लावायला हवी. आवडत्या निष्कर्षाला सवलत नको.

चौथ्या अभ्यासाने तर दोन्ही बाजूंची पंचाईत केली. जॉन जेमट आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये ६६२ कृष्णवर्णीय शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांचं सरासरी वय होतं १२. आठ तासांचा संयमाचा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी दोन वर्षांत सुमारे एक तृतीयांश मुलांनी संबंध ठेवले. फक्त आहार-व्यायामाचे धडे मिळालेल्या गटात हे प्रमाण जवळपास निम्मं होतं. म्हणजे संयमाचा कार्यक्रम चालला की!

पण तो कार्यक्रम कसा होता ते बघा. ‘लग्नापर्यंत’ अशी अट नव्हती, तयारी होईपर्यंत थांबा, एवढंच. कंडोमची बदनामी नव्हती, नीतीचं प्रवचन नव्हतं. सरकारच्या आठ कलमांत हा कार्यक्रम बसलाच नसता.

चारही अभ्यास शेजारी ठेवले की माझ्या मते वादाची मांडणीच बिघडलेली दिसते. मुलांना ‘थोडं थांब’ सांगावं की नाही, यावर खरं तर फारसं भांडण नाही. सर्वसमावेशक अभ्यासक्रमही ते सांगतातच. खरा प्रश्न आहे, ‘थांब’ सांगताना उरलेली माहिती लपवायची का? लपवल्याने मुलं जास्त थांबतात, असं या चारांपैकी एकाही अभ्यासात दिसत नाही.

आता आपल्याकडे या. मॅथमॅटिकाचा अहवाल आला त्याच २००७मध्ये महाराष्ट्रात किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावर विधिमंडळातल्या विरोधानंतर बंदी आली. २००९मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने तर शाळेत लैंगिक शिक्षण नकोच, लग्नाआधी संबंध नकोत हा संदेश मुलांना द्यावा, अशी भूमिका घेतली. अमेरिकेत पैसा ओतून तपासलेली आणि निष्प्रभ ठरलेली कल्पना आपण न तपासताच उचलली.

त्यात आपली एक वेगळी अडचण आहे. ‘लग्नापर्यंत थांबा’ या वाक्यात एक गृहीतक दडलंय, की लग्न होईपर्यंत माणूस मोठं झालेलं असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते, की महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. म्हणजे पाचातली एक! या मुलींनी तो सल्ला तंतोतंत पाळला, तरी त्यांचा लैंगिक संबंध आणि कदाचित पहिलं बाळंतपणही शाळेच्या वयात येणार. गर्भनिरोधक काय असतं, नवऱ्यालाही ‘नको’ म्हणता येतं, अठराच्या आतलं लग्न कायद्याने गुन्हा आहे आणि चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे, हे त्यांना कुणी आणि कधी सांगायचं?

लग्नानंतर सांगून उपयोग नाही, कारण तोवर त्यातल्या अनेकींची शाळा सुटलेली असते. सातवी-आठवीचा वर्ग ही बऱ्याच जणींच्या बाबतीत शेवटची जागा असते. पुढच्या वेळी कुणी ‘आपल्या संस्कृतीत याची गरज नाही’ म्हणालं, तर अमेरिकेचे आकडे बाजूला ठेवा आणि हा २१.९चा आकडा पुढे करा.